बोकडाचा कालदेरेता आणि एकतिसावा कागद

बोकडाचा कालदेरेता, म्हणजे टोमॅटोच्या रश्शातलं मटण, करावा तर दुल्फोनेच, असं आमच्या गल्लीत अठरा वर्षं बोललं जात होतं. बोलणारे कोण, तर खाणारे! ह्याहून मोठा पुरावा कुठल्या कोर्टात मागतात, सांगा. दर जानेवारीत आमच्या संताचा फिएस्ता, म्हणजे उत्सव, आला की मी पहाटेच अंगणात चूल मांडतो आणि दुपारी अख्खी गल्ली ताटं घेऊन हजर असते. जाताना प्रत्येक जण प्लॅस्टिकची पिशवी पुढे करतो. "मानोंग दुल्फो, थोडं घरी न्यायला बांधा की!" आमच्याकडे थोरल्या माणसाला मानोंग म्हणतात आणि थोरल्या बाईला मानांग. पाहुण्याने पिशवी मागितली की यजमानाची मान ताठ होते. ह्या वर्षी मी तीस पिशव्या बांधल्या. माणसाने असलं काही मोजू नये हे मला कळतं, पण मी पडलो नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी खात्यातला कारकून. मोजल्याशिवाय मला जेवण पचत नाही.

पुढचा सगळा घोळ ह्या तीस पिशव्यांतून झाला.

माझी मुलगी जोव्ही दहावीत आहे. तिच्या इंग्रजीच्या पारेन्यो मॅडमनी वर्गाला सांगितलं की प्रत्येकाने एक संशोधन करायचं. विषय निवडायचा, लोकांना प्रश्न विचारायचे, उत्तरं मोजायची, निष्कर्ष काढायचा, मग ते सगळं इंग्रजीत लिहून तीन शिक्षकांच्या मंडळापुढे उभं राहायचं. ह्यात नव्वदच्या वर गुण मिळाले तर जोव्हीला सन्मानाचं पदक मिळणार होतं. आणि पदक मुलांच्या गळ्यात आईबाप स्टेजवर जाऊन घालतात. माझा भरतकामाचा सदरा इस्त्री होऊन कपाटात टांगलेला होता. पोरीचा अभ्यास राहिला असेल, पण माझी तयारी पूर्ण होती.

पहिले तीन विषय मॅडमनी उडवून लावले. 'जगाचं वाढतं तापमान' ह्यावर म्हणाल्या, "उत्तर मिळेपर्यंत तुझं लग्न होईल." 'मोबाइलचे दुष्परिणाम' ह्यावर म्हणाल्या, "हा एकवीस जणांनी घेतलाय, आणि सगळ्यांनी मोबाइलवरूनच उतरवलाय." तिसरा विषय होता 'मुलांना इंग्रजी का आवडत नाही'. त्यावर त्या नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इंदाय, अगं पोरी, आपल्या आजूबाजूचं, हाताने मोजता येईल असं काहीतरी शोध ना."

जोव्ही घरी येऊन जेवणाच्या टेबलावर डोकं टेकून बसली. टेबलावर फिएस्तातली उरलेली पिशव्यांची गुंडाळी पडली होती. ती गुंडाळी उचलून ती म्हणाली, "पापा, फिएस्ताच्या दिवशी लोक जे बांधून नेतात, ते पुढे जातं कुठे?"

"कुठे म्हणजे? पोटात जातं!"

"पण ते कोणी बघितलंय?"

मला प्रश्न जरा आगाऊ वाटला. पण म्हटलं, असू दे. अठरा वर्षं जी गोष्ट तोंडी आहे ती लेखी झाली तर बरंच. मी तिला ताबडतोब परवानगी दिली. वर सांगितलं की नमुना म्हणून आपलाच कालदेरेता घे, म्हणजे शोधाशोध नको. विष कुठल्या बाटलीत आहे ते माहीत नसलेला माणूस असाच आग्रहाने पेला पुढे करतो.

आता प्रश्न आला परवानग्यांचा. शाळा म्हणाली, आधी बारांगायच्या, म्हणजे वस्तीच्या, प्रमुखाचं, कॅप्टनचं, पत्र आणा, मग आम्ही पत्र देतो. वस्तीत दारोदार प्रश्न विचारायचे तर कॅप्टनला कळवायलाच हवं. कॅप्टनची सेक्रेटरी म्हणाली, आधी शाळेचं पत्र आणा, मग कॅप्टन सही करतील. मी दोन दिवस ह्या दोन दारांमध्ये येरझाऱ्या घातल्या. खोटं कशाला बोलू, बावीस वर्षं मी स्वतः लोकांना हेच करायला लावत आलोय. पण टेबलाच्या पलीकडच्या बाजूने ते इतकं सुबक दिसतं ह्याची मला कल्पना नव्हती. शेवटी कॅप्टनच्या मेहुणीच्या लग्नाचा दाखला माझ्या टेबलावर तीन आठवडे लोळत पडलाय हे कॅप्टनला आठवलं. एका दुपारी दोन्ही कागद मार्गी लागले.

तीस फॉर्म छापून आले. प्रश्न साधे होते. नेलेलं अन्न कोणी खाल्लं? कधी खाल्लं? कसं लागलं? जोव्ही दप्तर उचलणार इतक्यात मी म्हटलं, "तू पोर. लोक तुला दारातूनच वाटेला लावतील. मी जातो."

आणि काय सांगू महाराजा, काय तो सोहळा! प्रत्येक घरात खुर्ची, प्रत्येक घरात कॉफी. समोरच्या मानोंग पेपोटने तर फॉर्म न वाचताच पेन उघडलं. "हे काय विचारणं झालं, मानोंग दुल्फो? त्याच दिवशी फस्त! पोरं पिशवी चाटत होती!" त्याच्या पायाशी त्याचा कुत्रा ब्राउनी पसरला होता. गोणीसारखा लठ्ठ. मला बघून तो उठला, शेपूट हलवत आला आणि माझे हात चाटायला लागला. ब्राउनीचा माझ्यावर फार जीव. का, ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

तीस फॉर्म, तीस उत्तरं: घरच्यांनी खाल्लं, त्याच दिवशी, अप्रतिम. मी ते पारेन्यो मॅडमकडे जोव्हीबरोबर स्वतः घेऊन गेलो. मॅडम बारीक अंगाच्या, आवाज त्याहून बारीक. त्यांनी गठ्ठा चाळला, चष्मा काढला.

"फॉर्म कोणी भरून आणले?"

"पापांनी," जोव्ही म्हणाली.

"आणि लोक लिहीत होते तेव्हा पापा कुठे होते?"

"शेजारी उभा होतो," मी अभिमानाने म्हटलं. "कोणाला काही अडलं तर सांगायला."

मॅडमनी गठ्ठा हळूच परत सरकवला. "मिस्टर सोरोंगोन, ज्याने रांधलं त्याच्या तोंडावर कोण काय लिहिणार? हे पुन्हा करावं लागेल. नाव न घालता. पेटीत टाकून. आणि रांधणारा," त्यांनी माझ्याकडे बघितलं, "पेटीच्या आसपास नको."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता! म्हणजे माझे शेजारी खोटारडे? आणि तेही अठरा वर्षं? मी घरभर फेऱ्या मारून बायकोला, तेसिंगला, हे ऐकवत होतो. ती भांडी घासत होती. ती म्हणाली, "हं." तेसिंगचं 'हं' मी बावीस वर्षं ऐकतोय. त्याचा अर्थ अजून लागलेला नाही.

पेटी म्हणजे बिस्किटांचा रिकामा डबा. झाकणाला फट पाडली, भोवती सुतळी बांधली आणि तो मानांग लुदिंगच्या दुकानात, साबणाच्या पुड्यांखाली ठेवला. मानांग लुदिंग म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र. आठवडाभर लोक काडेपेटी घ्यायच्या निमित्ताने येत आणि चोरासारखे कागद टाकून जात. मला बघितलं की रस्ता ओलांडत. मानोंग पेपोट तर एकदा मला चुकवायला केशकर्तनालयात शिरला. त्याला टक्कल आहे. मला शंका यायला हवी होती. पण मी मनात म्हटलं, गुपित मतदान आहे, लोक नियम पाळतायत.

आठव्या दिवशी जोव्हीने डबा घरी आणून कपाटावर ठेवला आणि शाळेत गेली. दुपारची वेळ. गल्ली झोपलेली, तेसिंग बाजारात. मी फक्त डबा पुसायला घेतला होता. पुसताना सुतळी सुटली. सुटलीच म्हणून झाकण उघडलं.

आता इथे एक तांत्रिक मुद्दा आहे. त्या कागदांवर नाव नव्हतं, हे खरं. पण ह्या गावातल्या प्रत्येक माणसाने जन्माचा, लग्नाचा, मरणाचा अर्ज माझ्या टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर भरलाय. नाव न वाचता अक्षरावरून माणूस ओळखणारा एकच इसम सबंध गावात आहे, आणि पेटी नेमकी त्याच्याच घरी आली होती.

कुत्र्याला घातलं: सतरा. त्यातल्या नऊ जणांनी 'शेजारच्या ब्राउनीला' असं स्पष्ट लिहिलं होतं. डुकरांना: चार. सासूकडे पाठवलं: तीन. केळीच्या बुंध्याशी पुरलं: एक, ह्याने वर लिहिलं होतं, 'केळ वाळली.' खाल्लं: पाच, त्यातले तीन म्हणत होते की आधी तीनदा धुऊन घेतलं. आणि कारण सगळ्यांचं एकच. बोकडाचा वास. 'उग्र.' 'फार उग्र.' 'बोकड जिवंत असल्यासारखा.' हे शेवटचं वळणदार अक्षर चर्चमधल्या गायकवृंदाच्या प्रमुखाचं, ज्याने ह्याच फिएस्तात माझ्या गळ्यात पडून "मानोंग, हात चाटावेत तुमचे" असं म्हटलं होतं!

मी घाम पुसला. मी मटण धूत नाही, हे खरं आहे. पाण्याबरोबर चव वाहून जाते असं माझं ठाम मत होतं. ह्या मतावर मी अठरा वर्षं व्याख्यानं दिली होती, आणि हेच सगळे लोक माना डोलवत होते.

मग तळाशी एक कागद राहिला. मी पुन्हा मोजले. तीस फॉर्म वाटले होते, आणि हा होता एकतिसावा. छापील नव्हता. वहीचं पान, नीट घडी केलेलं. अक्षर गोल, एका रेषेत. ह्या अक्षरात आमच्या घरात बाजाराच्या याद्या असतात.

'मी दर वर्षी खाते. वास येतो. पण मी चावत असते तेव्हा तो पातेल्याजवळ उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत असतो.'

मी ते पान चार वेळा वाचलं. शेजाऱ्यांचा मला संताप आला होता, त्यांच्या कागदांना काडी लावावी असं वाटलं होतं. हे वाचून संताप कुठे गेला कोण जाणे. नुसतंच वाईट वाटलं. अठरा फिएस्ता. ही बाई अठरा वेळा माझ्याकडे बघून हसत ते चावत होती.

"पापा, सुतळीला मी एक गाठ मारली होती. ती आपोआप सुटत नाही."

जोव्ही दारात उभी होती. तिने कागद बघितले, माझं तोंड बघितलं आणि समोर येऊन बसली. रागावली नाही. रागावली असती तर मला बरं पडलं असतं. मीही आवाज चढवला असता.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "म्हणजे, असंच निघणार असं."

"तुलाही आवडत नाही?"

"मी टोमॅटोचा रस्सा वेचून खाते, पापा. तुम्ही मागे वळलात की."

मग तिने दप्तरातून एक पत्र काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मॅडमनी सांगितलं होतं की संशोधन एकाच घरच्या पदार्थावर आहे, तेव्हा त्या घरच्या माणसाची लेखी संमती लागेल. सोमवारपर्यंत. तीन प्रतींत.

"सही नाही केली तर?"

"तर मी हा विषय सोडते. मॅडमना सांगते."

"सोमवारपर्यंत दुसरा होईल?"

"नाही." तिने सुतळीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पण लोक तुम्हाला हसणार असतील तर मला नकोय पदक. खरंच नकोय, पापा."

पत्र हातात आलं की माझ्यातला कारकून जागा होतो, त्याला मी काय करू? मी चष्मा लावला आणि म्हणालो, "ह्यात माझं मधलं अक्षर नाही. रोडुल्फो टी. सोरोंगोन. 'टी' कुठाय? असा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी परत पाठवला असता."

"पापा!"

"नियम म्हणजे नियम. पुन्हा छापून आण."

ती सायकल काढून छापखान्यात गेली. मी वेळ काढत होतो हे तिला कळलं होतं, मलाही कळलं होतं. पाऊण तास मी त्या एकतीस कागदांसमोर बसलो. पोरीने खरं शोधून काढलं होतं, आणि ते खरं गिळून टाकायला ती तयार होती. का, तर मी पातेल्याजवळ उभा होतो. ह्या घरात सगळ्यांनी माझ्यासाठी गिळायचंच काय म्हणून? ती 'टी'सकट तीन प्रती घेऊन आली तेव्हा मी सह्या केल्या. तिन्ही. नंतर सवयीने शिक्काही शोधायला लागलो, पण तो ऑफिसात होता.

बातमी मानांग लुदिंगच्या दुकानातून निघायला अर्धा दिवस लागला. म्हणजे मला आता सगळं माहीत आहे, ही बातमी. त्यानंतर गल्लीत जे झालं त्याला तोड नाही. मला वाटलं होतं लोक शरमतील. कसलं काय! बांध फुटावा तसे सल्ले आले.

"मानोंग, व्हिनेगरमध्ये रात्रभर," मानोंग पेपोट म्हणाला.

"रात्रभर नाही हो, तासभर! रात्रभराने चामडं होतं," मानांग लुदिंग म्हणाली. "पेरूची पानं घालून उकळा आणि ते पाणी ओतून द्या."

"जिन ओता. अर्धी बाटली बोकडाला, अर्धी स्वयंपाक्याला," पलीकडून कोणीतरी ओरडलं.

गायकवृंदाचा प्रमुख तर गवती चहाची जुडी घेऊन दारात आला आणि चमचे, मिनिटं, आच, सगळं मला तोंडपाठ म्हणून दाखवलं. मी म्हटलं, "अहो, हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं, मग अठरा वर्षं बोलला का नाहीत?"

तो दुखावल्यासारखा झाला. "तुम्हाला वाईट वाटलं असतं, मानोंग."

आता घ्या!

सादरीकरणाचा दिवस आला. मंडळाला खाऊ घालायचं असतं, हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही आणि सगळे पाळतात. तेसिंगने शेवयांचं मोठं ताट केलं होतं. मी म्हटलं, मी कालदेरेता नेणार. तेसिंग म्हणाली, "हं." पण ह्या वेळी मी मटण तासभर व्हिनेगरमध्ये ठेवलं होतं, पेरूच्या पानांत उकळलं होतं, पाणी ओतलं होतं. ओतताना डोळे मिटून घेतले, ते सोडा. अर्धं पातेलं घरी ठेवलं आणि अर्धं शाळेत नेलं.

मंडळात मुख्याध्यापिका कातालबास मॅडम, विज्ञानाचे पाल्मारेस सर आणि आमच्या पारेन्यो मॅडम. तिघांनी वाढून घेतलं. "वा, मिस्टर सोरोंगोन, अप्रतिम!" कातालबास मॅडम म्हणाल्या. सर म्हणाले, "हात चाटावेत तुमचे." मी पातेल्याजवळ उभा होतो. मान ताठ करू की घाम पुसू, समजेना.

तिकडे जोव्ही फळ्यापुढे उभी राहून सांगत होती. इंग्रजी एकदाही अडखळलं नाही. तीस पिशव्या, पहिली फेरी, दुसरी फेरी. ती सतरा कुत्र्यांपाशी आली तसे तिघांचे चमचे सावकाश खाली आले. एकतिसावा कागद तिने मोजणीत धरला नव्हता. 'एक कागद नमुन्याबाहेरचा निघाला' एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं नाही.

"मग तुझा निष्कर्ष?" कातालबास मॅडमनी रुमालाने ओठ टिपले.

"रांधणारा समोर असताना मिळालेलं कुठलंही मत ग्राह्य धरू नये, मॅडम."

तिघांनी आपापल्या ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. थोड्याच वेळापूर्वी त्यांतल्या दोघांनी माझी तोंडभर स्तुती केली होती. पाल्मारेस सरांच्या तोंडात अजून घास होता आणि तो गिळावा की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"पापा," जोव्ही हळूच म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

मी बाहेर गेलो. पोरीने भर सभेत बापाला बाहेर काढलं, आणि तेही शास्त्राधारे. व्हरांड्यात मी वीस मिनिटं उभा होतो. आतून काही ऐकू येत नव्हतं. मग दार उघडलं. जोव्हीच्या हातात गुणांचा कागद होता: चौऱ्याण्णव. मी तिला मिठी मारली, तिने मला, आणि तिच्या खांद्यावरून मला दिसलं की तिघं शिक्षक बाहेर येतायत आणि तिघांच्या हातात कालदेरेत्याची एकेक पिशवी आहे.

पिशव्या! आमच्या खात्यात माणसांचे जन्म नोंदतात, लग्नं नोंदतात, मरणं नोंदतात. कुत्र्यांची नोंद कुठेच नाही. कोणाकडे कुत्रा आहे आणि कोणाकडे नाही, हे सरकारदरबारी कळायला काहीही मार्ग नाही. बावीस वर्षांत ही त्रुटी मला पहिल्यांदाच जाणवली.

घरी आलो. तेसिंगने जोव्हीचे गाल कुरवाळले, डोळे पुसले, माझा सदरा कपाटातून काढून उन्हात टाकला. मग स्वयंपाकघरात गेली. उरलेलं अर्धं पातेलं तिथेच होतं. तिने ताट घेतलं, भात वाढला आणि माझ्याकडे बघितलं. नेहमीसारखी हसली.

"मला फाटकाचं काहीतरी बघायचंय," मी म्हटलं आणि अंगणात गेलो.

फाटकाला काहीही झालेलं नव्हतं. बाहेर ब्राउनी येऊन बसला होता. वास त्याला लांबून कळतो. तो पिशवीची वाट बघत होता, आणि मी खिळा ठोकल्यासारखं करत पाठमोरा उभा होतो. आतून आधी चमच्याचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पळी पातेल्याला लागल्याचा. मग पुन्हा पळी, तळाशी खरवडल्यासारखी.

ब्राउनीने कान टवकारले. बराच वेळ बसून राहिला. मग उठला, माझ्याकडे एकदा रागाने बघितलं आणि हात न चाटताच निघून गेला.

मला आत डोकावून बघायची फार फार इच्छा झाली होती. पण मी डोकावलो नाही.